बारा बोल्ट

पिंपळनेर
१२ जुलै

नूतन,

आधी फोनचं सांगते, म्हणजे तू उगाच घाबरणार नाहीस. माझा मोबाइल बुधवारपासून बंद आहे. चातुर्मास बसला त्या दिवशी इथल्या जैन स्थानकात महासतीजींनी, म्हणजे साध्वींनी, विचारलं, चार महिने मोबाइल सोडायला कोण तयार आहे. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी उठून हात जोडले आणि सगळ्यांसमोर पच्चक्खाण घेतलं, म्हणजे नेम धरला. जबरदस्ती झाली असं मी लिहिणार नाही. मान मी हलवली. मोबाइल नवऱ्याकडे आहे, अर्पितच्या दुकानातल्या कपाटात. कंपनीचा निरोप आला तर तो सांगेल.

तेव्हा कार्तिकापर्यंत पत्रं. टपालाने नको, इथलं टपाल आधी दुकानात उघडतं. आमची पिकअप मंगळवारी आणि शनिवारी नागली-भुईमूग घेऊन जळगावला येते, संध्याकाळी तूरडाळ घेऊन परत जाते. गाडी पुना भाऊ चालवतात. एकोणीस वर्षं या घरात आहेत आणि फारसं बोलत नाहीत. ते तुझ्या खोलीखालच्या झेरॉक्सवाल्याकडे पाकीट ठेवतील, तिथूनच उत्तर उचलतील.

आता काम. लग्नाआधी मी शिकाऊ होते त्याच पाइप तपासणीच्या लॅबमधली कायमची जागा कंपनी मला देतेय आणि १८ ऑगस्टला रुजू व्हायचं आहे, हे बदललेलं नाही. आठवडाभर तुझ्या खोलीवर, शनिवारी पिकअपने परत, हेही घरात सांगून झालं. कुणीही नाही म्हटलेलं नाही. फक्त लग्नाच्या पहिल्या वर्षी सून घरच्या गाडीशिवाय कुठे जात नाही, आणि घरची गाडी ५ तारखेला साक्रीच्या वाटेवर फरशी पुलाच्या पाण्यात बंद पडली. पुना भाऊ तीन तास टपावर बसून होते. आता माल नेण्यापुरती ती चालते, पण पाण्यात तिचा भरवसा नाही. अर्पित म्हणाला, गाडी नीट झाली की मी स्वतः सोडून येतो.

म्हणजे माझ्या जाण्याला अट एकच आहे आणि ती यांत्रिक आहे. अशी अट मला चालते.

मी गाडीखाली गेले. पुढच्या चाकांच्या कमानीत, चाक आणि इंजिन यांच्या मध्ये, दोन्ही बाजूंना एकेक रबरी पडदा असतो. चाकाने उडवलेलं पाणी तो बाहेर ठेवतो. आमच्या गाडीला तो नाहीच. पाणी सरळ बेल्टवर आणि सेन्सरच्या वायरिंगवर जातं. अर्पित म्हणतो, मागच्या पावसाळ्यात फाटून पडले. बोल्ट मात्र जागेवर आहेत, एका बाजूला सहा, एकूण बारा, वॉशरसकट, आटे स्वच्छ. धुळ्यात नवीन पडदे नाहीत, मागवले तर महिना लागेल. म्हणून मीच करते.

सोबत पुठ्ठ्याचा साचा आहे, तांदळाच्या खोक्यातून कापलेला. तीन मिलिमीटरची पाइपच्या प्लास्टिकची शीट कंपनीच्या भंगारात असेल. वर्कशॉपमधल्या झुलाल नानांना सांगून दोन तुकडे कापून घे. भोकं सात मिलिमीटर. बाण पुढची बाजू दाखवतो.

माझ्या माहेरी फोन करू नकोस. पप्पा म्हणतील, तिकडचं तिकडे बघा.

रुची


जळगाव
१५ जुलै

शेठाणीबाई,

झेरॉक्सवाल्याने पाकीट दिलं तेव्हा मला वाटलं लग्नपत्रिका आली. उघडलं तर पुठ्ठा.

मोबाइल सोडलास? अगं, लोक दारू सोडतात, तंबाखू सोडतात. आमच्या पाचोऱ्याला भिकुबाई काकूने तर नवराच सोडला होता आणि तिचं काही अडलं नाही. पण मोबाइल?

तुकडे पाठवते. झुलाल नाना जेवणाच्या सुट्टीत कापत होते. निवृत्तीला चार महिने राहिलेत, पण पंच मारताना हात अजून जराही हलत नाही. तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं, कामापुरतं. ते थांबले आणि बोल्टांचं परत वाच म्हणाले. मी वाचलं. मग म्हणाले, "फाटेल ऱ्हातं ते वॉशरखाल तुकडा सापडता. हाई बठ्ठं कोनी पान्हा लाईसन काढेल शे, बेटा." म्हणजे फाटून पडलेलं रबर वॉशरखाली आपली चकती सोडून जातं. ही तर कुणीतरी पान्ह्याने सोडवून बोल्ट परत लावलेत. नानांचं म्हणणं तुला कळवते, मला त्यातलं काही कळत नाही, मी आपली पाइप फोडून बघणारी.

आणि एक विचारू? पिंपळनेरहून सकाळी एसटी सुटते. तिला तुझे पडदे लागत नाहीत. ती माझ्या आजीच्या काळापासून फरशी पुलावरून जातेय.

साहेब परवा विचारत होते, तुझी मैत्रीण येते ना नक्की. मी म्हटलं, येते. खोलीतली खिडकीकडची खाट तुझ्यासाठी रिकामी केलीय. माझे कपडे आता जमिनीवर असतात.

नूतन


पिंपळनेर
१९ जुलै

नूतन,

दोन्ही तुकडे डावे आहेत. एक साचा दोनदा वापरायचा तर दुसऱ्या वेळी पुठ्ठा पालथा ठेवायचा असतो. चूक माझी, मी लिहिलं नव्हतं. तुला पाइप सगळीकडून सारखाच दिसतो, हे मी धरायला हवं होतं.

डावा बसवून पाहिला. प्लास्टिक फार कडक आहे. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर त्याला घासतो आणि गावभर ऐकू जातं. अर्पितने हसून कानावर हात ठेवले. तो रोज गाडीखाली माझ्याशेजारी टॉर्च धरून बसतो. पान्हा मागितला की योग्य मापाचा देतो. लग्नाला पाच महिने झाले, आम्ही एवढं कधी बोललो नव्हतो.

नानांना नमस्कार सांग. बोल्ट नंतर कुणीतरी लावले असतील. माझा प्रश्न तो नाही.

एसटीचं. ती साडेसहाला सुटते, थांबा आमच्या दुकानासमोर आहे. मी रोज बघते. मी तिच्यात बसले तर दुकानातले सगळे बघतील आणि त्यानंतर या घरातून गेलेली बाई म्हणून येईन-जाईन. नोकरीला निघालेली म्हणून नाही. मला घरच्या गाडीतून, सांगून, दिवसा जायचंय. गाडी नीट केली की हे होणार आहे. परत एसटी लिहू नकोस.

तपासणीची पद्धत बसवली. पुना भाऊंच्या तंबाखूच्या डबीतला चुना घेतला आणि कमानीच्या आतल्या बाजूला चार ठिकाणी बोटभर पट्टे ओढले. गाडी परत आली की कुठला पट्टा धुतला गेला ते पाहते. मंगळवारच्या फेरीत चारही गेले.

मऊ काहीतरी हवं. रबर, पण आत कापड असलेलं, नाहीतर बोल्टपाशी फाटेल. दोन साचे पाठवतेय. एकावर डावा, एकावर उजवा लिहिलंय. दोन्हींवर "ही बाजू चाकाकडे" असंही लिहिलंय.

रुची


जळगाव
२६ जुलै

रुची,

डावा-उजवा समजला. "ही बाजू चाकाकडे"सुद्धा समजली. पहिलीतल्या मुलाला पाठवल्यासारखं लिहितेस.

नाना माणूस आहे की काय. एका डाळ मिलमध्ये तूर वर चढवायचा पट्टा बदलला, जुना त्यांनी फुकट आणला. पाच मिलिमीटर, आत कापडाचे थर. रविवारी मी स्वतः त्यांच्या घरी जाऊन बसले, साचे नीट ठेवले, पालथा-सुलटा तीनदा तपासला. त्यांच्या बायकोने शेवभाजी खाऊ घातली. कापताना पट्ट्यातून अजून डाळीचं पीठ झडत होतं.

दुसरं. ऑफिसातल्या सारिका मॅडमना तुझे मूळ कागद हवेत. तुझा फोन बंद लागतो म्हणाल्या, म्हणून मेसेज टाकून ठेवलाय. मी म्हटलं, तिने चार महिने मोबाइल सोडलाय. त्यांना खरं वाटलं नाही. अर्पितरावांना विचार आला का.

परवा लॅबमध्ये चाचणी चालू असताना एक पाइप फुटला. सगळे भिजले. मला तुझी आठवण आली. तू भिजली नसतीस, तू दोन पावलं मागे उभी राहतेस नेहमी.

नूतन


पिंपळनेर
५ ऑगस्ट

नूतन,

पट्टा चालला.

पहिल्या फेरीत कडेच्या कापडाने पाणी ओढलं आणि थर सुटायला लागले. मी कडांना पंक्चरचं सोल्युशन तीन हात लावलं, प्रत्येक हातानंतर सहा तास वाळवलं. बोल्टखाली मोठे वॉशर टाकले, रुपयाएवढे. टायरला कुठे घासत नाही. २९, २ आणि आज, तीन फेऱ्या, आज साक्रीपर्यंत रस्ताभर पाणी होतं. चारही चुन्याचे पट्टे जसेच्या तसे. पुना भाऊ गाडीतून उतरले आणि म्हणाले, आज गाडी खोकली नाही. त्यांच्याकडून हे पुष्कळ झालं.

जेवताना सांगितलं. सासरे, माणकचंदजी, म्हणाले, पोरगी हुशार आहे. सासूबाईंनी माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली. अर्पित म्हणाला, एक जोराचा पाऊस बघू या, मग ठरवू.

मी म्हटलं, आज जोराचाच होता.

तो म्हणाला, पुलावर पाणी आलं नव्हतं ना. खरं आहे, आलं नव्हतं.

सारिका मॅडमच्या मेसेजचं विचारलं. काही आलेलं नाही म्हणाला. त्यांच्याकडे नंबर चुकीचा असेल, तू बघ. कागदांच्या प्रती सोबत आहेत, मूळ मी आणते.

माझ्या खोलीपासून गाडी लावतात तिथपर्यंत एकोणचाळीस पावलं आहेत. गाडीच्या पलीकडे मी महिनाभरात फक्त स्थानकात गेले. गाडी निघाली की आवाजावरून मला कळतं ती कुठल्या गिअरमध्ये पेठ चढतेय, मग वळते, मग ऐकू येत नाही. मग मी ओटा पुसते. मी बनवलेले पडदे आठवड्यातून दोनदा जळगाव बघून येतात.

तेरा दिवस राहिले. आता एक पाऊस पडू दे.

रुची


जळगाव
१२ ऑगस्ट

रुची,

पडदे चांगले बसले हे वाचून आनंद झाला. नानांनाही सांगितलं.

कागदांच्या प्रती मी सारिका मॅडमकडे नेल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि स्वतःचा फोन पुढे केला. तुझ्या नंबरवरून २८ जुलैला आलेला मेसेज आहे. "घरगुती कारणांमुळे मी रुजू होऊ शकत नाही. क्षमस्व. रुची." पूर्णविरामसुद्धा बरोबर आहेत.

मी प्रती घेऊन परत आले.

यायचं नव्हतं तर नको यायचं. मला लिहायचंस. मी समजले असते, माझ्या दोन बहिणी सासरी आहेत, मी काही चंद्रावरून आलेली नाही. पण नकार कळवून आठ दिवसांनी तू मला तीन हात सोल्युशन आणि रुपयाएवढे वॉशर लिहितेस, तेरा दिवस राहिले म्हणून लिहितेस. मी एका म्हाताऱ्या माणसाला रविवारी कामाला लावलं. मी साहेबांना प्रत्येक आठवड्याला येते म्हणून सांगत होते. मला वाटलं मी तुला बाहेर काढतेय. तू तर सासरच्या गाडीची इंजिनीयर झालीस आणि मी तुझी सामान पुरवणारी.

खाट मी अजून भरलेली नाही. पण कपडे उचलून ठेवायला लागलेय.

नूतन


पिंपळनेर
१६ ऑगस्ट

नूतन,

मी कोणताही मेसेज पाठवलेला नाही. मोबाइल ९ जुलैपासून माझ्या हातात नाही.

अर्पितला अजून विचारलेलं नाही. विचारलं की उत्तर तयार होईल. मला तयार नसलेलं उत्तर हवंय.

जागा गेली का, एवढं कळव. सांभाळून लिहू नकोस.

रुची


जळगाव
१९ ऑगस्ट

रुची,

तुझं पत्र वाचून मी जिन्यातच बसले. चार ओळी, पण तुझ्याच. मागच्या पत्राबद्दल मला लाज वाटते. पण त्याहून मोठी लाजेची गोष्ट आहे, म्हणून आधी ती लिहिते.

जागा गेलेली नाही. तुझा नकार आल्यावर साहेबांनी मला बोलावलं. मी इथे तीन वर्षं कंत्राटावर आहे, दर अकरा महिन्यांनी एक दिवस घरी बसवतात आणि परत घेतात, तुला माहीत आहे. साहेब म्हणाले, रुची येत नसेल तर कायमची जागा तू घे. हे ११ ऑगस्टला झालं. १२ तारखेच्या पत्रात मी ते लिहिलं नाही, आणि त्या पत्रात जो राग होता तो सगळा तुझ्यावरचा नव्हता. तू नकार दिलास हे मला सोयीचं होतं. म्हणून मी तपासलं नाही. तुझ्यासारख्या मुलीने असा मेसेज केला असता का, हे मी स्वतःला एकदाही विचारलं नाही.

मी हो म्हणाले नाही. नाही पण म्हणाले नाही. वेळ मागितला.

काल साहेबांना खरं सांगितलं. ते म्हणाले, मेसेज कुणी पाठवला हे मी बघू शकत नाही, माणूस बघू शकतो. शनिवार ३० ऑगस्टला ती दुपारी दोनच्या आत इथे येऊन उभी राहिली तर जागा तिची. फोन नको, चिठ्ठी नको, मी सांगितलेलंही नको.

तेव्हा ये. आणि सरळ सांगते, नाही आलीस तर सोमवारी मी हो म्हणेन आणि त्याची लाज बाळगणार नाही. मलाही माझ्या बापाला सांगायचंय की पोरगी कायम झाली.

नानांना विचारलं. म्हणाले, त्या पोरीला सांग, बोल्ट खोटं बोलत नाहीत.

नूतन


जळगाव
२६ ऑगस्ट

रुची,

शनिवारी गाडी आली, पाकीट नाही. आज आली, पाकीट नाही. पुना भाऊंना विचारलं तर म्हणाले, घरात पर्युषण चालू आहेत, बाई उपासात आहेत. एवढं बोलून डाळ भरायला गेले.

चार दिवस आहेत. एक ओळ तरी.

नूतन


फरशी पूल, पिंपळनेरच्या बाजूला
३० ऑगस्ट, सकाळी ७.१०

नूतन,

हे मी पिकअपच्या पुढच्या सीटवर बसून लिहितेय. पुलावर पाणी आहे. आमच्या पुढे एक ट्रॅक्टर आणि दुधाची गाडी उभी आहे. पुलाच्या कडेला पांढरे रंगवलेले दगड आहेत, ते दिसत नाहीत. पुना भाऊ म्हणतात, दगडांची डोकी दिसली की जाता येतं, त्याआधी नाही. ते बरोबर आहे. थांबावं लागेल, म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

पर्युषणाच्या आधी गोदाम झाडतात, या वर्षी ते माझ्याकडे आलं. २० तारखेला बारदानाच्या गठ्ठ्यांमागे एक पुडकं सापडलं. आत दोन रबरी पडदे, कंपनीचे, डावा आणि उजवा. कुठेही फाटलेले नाहीत. बाराही भोकं गोल. ज्या वर्तमानपत्रात गुंडाळले होते ते या वर्षीच्या २१ जूनचं आहे. माझं नेमणुकीचं पत्र १८ जूनला आलं होतं.

आटे स्वच्छ आहेत असं मी तुला पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. एका पावसाळ्यात उघडे पडलेले बोल्ट गंजतात. हे मला शिकवलेलं आहे, मी ते परीक्षेत लिहिलेलं आहे. नानांनी न बघता ओळखलं. मी हाताने मोजलं, लिहून काढलं, आणि त्याचा अर्थ लावला नाही, कारण टॉर्च धरून जो शेजारी बसला होता त्याने मला काम दिलं होतं आणि मला काम हवं होतं.

तुला लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर काय करणार हेही लिहावं लागलं असतं. ते मला माहीत नव्हतं. पुडकं मी कपाटावर ठेवलं. आठ दिवस व्याख्यान ऐकलं, उपास केला, अर्पितशी नेहमीसारखं बोलले. तो रोज विचारायचा, पडदे कसे आहेत.

संवत्सरीच्या, म्हणजे पर्युषणाच्या शेवटच्या दिवसाच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी, पारण्याच्या आधी, घरातले एकमेकांना खमावतात. वर्षभरात जाणता-अजाणता मन दुखावलं असेल तर क्षमा मागायची, समोरच्याने हात जोडून ती द्यायची. स्थानकात, पेठेत, दिवसभर सगळे सगळ्यांना हेच म्हणतात. ऐकणारा ऐकत नाही, म्हणणारा थांबत नाही. तसंच चालतं. आम्ही चौघं चटईवर बसलो होतो, समोर मुगाच्या पाण्याच्या वाट्या. मी सासऱ्यांना, सासूबाईंना खमावलं. मग अर्पित माझ्याकडे वळला, हात जोडले आणि म्हणाला, जाणता-अजाणता काही झालं असेल तर खमावतो.

घरात मी त्याला अहो म्हणते. मी म्हटलं, "अजाणता झालं ते खमावलं. जाणता कोणतं, ते सांगा."

तो आधी हसला. सासूबाई म्हणाल्या, असं विचारत नसतात. मी उठले, कपाटावरून पुडकं काढलं आणि चटईवर ठेवलं. उघडलं नाही, वर्तमानपत्राची तारीख वरच्या बाजूला होती.

त्याने पुडक्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मेसेज मीच पाठवला."

त्या नकाराच्या मेसेजचं मी काहीच बोलले नव्हते.

सासऱ्यांना कळेना, कसला मेसेज. त्याने सांगितलं. सगळं सांगितलं, माझ्याकडे न बघता. नेमणुकीचं पत्र आलं त्या आठवड्यात गाडीखाली जाऊन पडदे सोडवले. गाडी एकदा बंद पडली की पावसाळाभर विषय निघणार नाही असं वाटलं. मी दुरुस्ती करीन हे त्याने धरलं नव्हतं. मग मी करायला लागले तेव्हा त्याला वाटलं, बरं झालं, हिच्या हाताला काम मिळालं, हिचा जीव रमेल. तो म्हणाला, त्या दोन महिन्यांत तू हसत होतीस. हे खरं आहे, नूतन. मी हसत होते.

मग म्हणाला, "तू गेली असतीस तर परत कशाला आली असतीस? इथे काय आहे?"

हा प्रश्न त्याने जूनमध्ये विचारला असता तर मी उत्तर शोधलं असतं. मी एवढंच म्हटलं, "गाडी नीट झाली की जायचं ठरलं होतं. गाडी नीटच होती."

मग सासरे म्हणाले, खमावायला आलेल्याला दारात उभं ठेवू नये, बेटा. आज तरी नाही. आणि तिघंही माझ्या हातांकडे बघायला लागले. चातुर्मासाच्या पहिल्या दिवशी स्थानकात बघितलं होतं तसंच. हात जोडले नाहीत तर या घरात मी कायम न जोडलेल्या हातांची बाई राहणार, आणि जोडले तर झालं-गेलं संपलं, मूग प्यायचे, ओटा पुसायचा. नेमाविरुद्ध कुणाला काही बोलता येत नाही, तो बांधलेलाच तसा असतो.

मी हात जोडले. म्हटलं, "खमावते. शनिवारी जाते."

दोन्ही खरं होतं. पहिलं अजून पूर्ण खरं झालेलं नाही, पण मी ते खोटं म्हणून बोलले नाही.

सासूबाईंनी माझी बाजू घेतली असं तुला वाटू नये. त्या वाटी पुढे सरकवत म्हणाल्या, मोबाइलचं पच्चक्खाण मी घ्यायला लावलं, नोकरीचं नाही लावलं. मग म्हणाल्या, शनिवारी गेलीस तर शनिवारी परत यायचं. या शनिवारी की पुढच्या, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मोबाइल अर्पितने परत आणून समोर ठेवला. मी घेतला नाही. तो नेम मी ऐकून, समजून घेतला होता, तो कार्तिकापर्यंत माझा आहे. म्हणूनही हे पत्र.

आज पहाटे मी पिशवी घेऊन आले तेव्हा गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले होते. अर्पित पान्हा घेऊन बाराही बोल्ट आवळून बघत होता. कंपनीचे पडदे शेजारी पडले होते, पुना भाऊंनी विचारलं होतं कुठले लावायचे. त्याने माझेच ठेवले. बाहेर आला, हात पुसले, म्हणाला, उजवीकडचा तिसरा सैल होता. मी म्हटलं, बघते. खाली जाऊन बघितलं. आवळलेला होता. मी चुना मागून घेतला आणि चार पट्टे ओढले. तो तिथेच उभा होता. बसताना दार त्याने लावलं. बाहेरून.

७.५५. पाणी तेवढंच. समोरच्या काठावर साडेसहाची एसटी दिसतेय, ती आमच्या आधी गेली होती, पलीकडच्या चढावर उभी आहे. लोक उतरून बघतायत. तू म्हणाली होतीस तेव्हा मी तिच्यात बसले असते तर. पण तेव्हा मी या पुडक्याशिवाय गेले असते आणि दोष माझा राहिला असता. हे मी स्वतःला समजावतेय की खरं आहे, हे मला नक्की सांगता येत नाही.

८.२०. दगडाचं एक डोकं दिसलं. दुधाची गाडी माघारी वळली. पुना भाऊ तंबाखू मळतायत. मी विचारलं, पडदे काढलेले तुम्हाला माहीत होतं का. ते म्हणाले, "माले गाडी दिसते, बाई. माले घर दिसत नई." म्हणजे माहीत होतं. मग तंबाखू तोंडात टाकून म्हणाले की जुलैत गाडी पाण्यात बंद पडली तेव्हाच बोलायला हवं होतं. एकोणीस वर्षं म्हणजे त्यांचाही नेमच आहे.

८.४५. सात डोकी दिसतात. इथून तुझ्या गेटपर्यंत एकशे पन्नास किलोमीटर. साहेब दोनला उठतात. आकडेमोड तू कर, मी केलेली आहे आणि ती मला आवडलेली नाही. उशीर झाला तर जागा तू घे. मी तरी येतेय. खाट रिकामी ठेव. पत्र झेरॉक्सवाल्याकडे देणार नाही, हातात देईन.

ट्रॅक्टर गेला. सगळे दगड दिसतात. पुना भाऊंनी चावी फिरवली. लिहिणं थांबवते.

९.०५. पलीकडे आलो. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत होतं. पुलाच्या मध्यावर बॉनेटवर लाट आली, इंजिन एकदाही अडखळलं नाही. वर चढावर मी गाडी थांबवायला सांगितली, तीन मिनिटं गेली तरी चालतील म्हटलं. खाली उतरून कमानीत हात घालून बघितलं. चारही पट्टे पांढरे आहेत. बोटाला चुना लागला, कोरडा.